गुणवत्ता होती, पदवी नव्हती, संघटना नव्हती : विद्यार्थी-खेळाडू मोझेस वॉकरची कहाणी

चौदा एप्रिलच्या मिरवणुका संपतात, रस्त्यावरचा निळा गुलाल अजून झाडून व्हायचा असतो आणि दुसऱ्याच दिवशी तिकडे अमेरिकेत एक वेगळी जयंती साजरी होते. १५ एप्रिलला तिथल्या व्यावसायिक बेसबॉलमधला प्रत्येक खेळाडू, मग तो गोरा असो, काळा असो की जपानी, पाठीवर ४२ हाच एक आकडा घालून मैदानात उतरतो. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय तरुण ब्रुकलिन संघाकडून मुख्य लीगमध्ये खेळला आणि साठेक वर्षांची रंगबंदी मोडली, त्याची ही आठवण. २००४ पासून हा दिवस अधिकृतपणे पाळला जातो आणि २००९ पासून सगळेच ४२ घालतात.

आपल्या चळवळीला अमेरिकेतल्या काळ्यांचा लढा परका नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निवेदनाची प्रत मागितली होती आणि अस्पृश्यांची स्थिती काळ्यांसारखीच असल्याचे कळवले होते. १९७२ साली दलित पँथरने नाव घेतले तेही तिकडूनच. त्यामुळे रॉबिन्सन आपल्या वाचकाला ऐकून तरी माहीत असतो. पण रॉबिन्सनच्या आधी ६३ वर्षे एक काळा तरुण मुख्य लीगमध्ये खेळून गेला होता, तो विद्यापीठाचा विद्यार्थी होता आणि कायदा शिकत होता, हे किती जणांना ठाऊक आहे? त्याचे नाव मोझेस फ्लीटवूड वॉकर. मी वकील असल्यामुळे असेल, पण मला रॉबिन्सनपेक्षा हा वॉकर जास्त अस्वस्थ करतो. गुणवत्ता दाखवा, जात आपोआप विसरली जाईल, असा उपदेश आपल्या मुलांना उठता बसता ऐकावा लागतो. वॉकरने दाखवलेल्या गुणवत्तेचे काय झाले ते म्हणूनच नीट पाहायला हवे.

वॉकरचा जन्म १८५६ चा, ओहायो राज्यातला. ओहायोत गुलामगिरी नव्हती, पण समताही नव्हती. १८७८ मध्ये तो ओबर्लिन महाविद्यालयात दाखल झाला. हे महाविद्यालय आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे. गुलामगिरी कायद्याने चालू असताना, १८३५ पासून, त्याने काळ्या विद्यार्थ्यांना दरवाजे उघडले होते. जोतिराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढण्याच्या तेरा वर्षे आधीची ही गोष्ट. वॉकर सुरुवातीला अभ्यासात चांगला होता. पुढे मैदानाने ओढले आणि वर्गातली हजेरी व गुण दोन्ही घसरले. १८८१ मध्ये ओबर्लिनने दुसऱ्या महाविद्यालयांशी खेळणारा पहिला संघ उभा केला, त्यात वॉकर होता आणि त्याचा धाकटा भाऊ वेल्डीही होता. त्या संघाने मिशिगन विद्यापीठाला हरवले. हरलेल्या मिशिगनने काय करावे? वॉकरलाच आपल्याकडे बोलावून घेतले. तिथे त्याने कायद्याच्या अभ्यासाला नाव घातले आणि १८८२ चा हंगाम मिशिगनकडून खेळला. तेव्हा तो पंचविशीत होता, म्हणजे विद्यार्थी-खेळाडूंमध्ये वयाने आणि अनुभवानेही मुरलेला.

वॉकर कॅचर होता. ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकाची जागा ती कॅचरची. चेंडू टाकणारा तो पिचर. कॅचर फलंदाजाच्या मागे बसतो आणि पुढचा चेंडू कसा टाकायचा याची खूण बोटांनी पिचरला करतो. म्हणजे अर्धा खेळ कॅचरच्या डोक्यातून चालतो. त्या काळी कॅचरच्या हाताला आजच्यासारखे जाड हातमोजे नसत. वॉकर बहुतेक वेळा उघड्या हातांनी वेगवान चेंडू झेलत असे. बोटे मोडत, नखे उखडत, बरगडीवर मार बसे. हे काम दुखऱ्या हाताने दिवसेंदिवस करणारा माणूस संघात सर्वांत मोलाचा समजला जाई.

१८८१ च्या ऑगस्टमध्ये, विद्यापीठाच्या सुट्टीत, वॉकर क्लीव्हलंडच्या एका संघाबरोबर केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात गेला. सकाळी हॉटेलात त्याला न्याहारी नाकारली गेली. दुपारी मैदानावर यजमान संघाने काळा खेळाडू चालणार नाही असे सांगितले, म्हणून त्याला बाहेर बसवण्यात आले. बदली कॅचरचे हात पहिल्याच डावात सुजले. तेव्हा प्रेक्षकांतूनच वॉकरच्या नावाचा पुकारा सुरू झाला. वॉकर उठला, मैदानात आला, सरावाचे काही चेंडू त्याने सुरेख झेलले. त्याबरोबर यजमान संघाचे दोन खेळाडू मैदान सोडून चालू लागले. शेवटी वॉकर पुन्हा बाहेर बसला आणि ज्याला कॅचरचे काम येत नव्हते अशा एका गोऱ्या खेळाडूला ते करावे लागले. प्रेक्षकांना तो हवा होता, त्याच्या संघाला तो हवा होता, खेळालाही तो हवा होता. तरी दोन माणसांच्या रुसव्यापुढे सारे मैदान वाकले! आपल्याकडे गावाच्या विहिरीवर नेमके हेच होत आले आहे. सगळा गाव वाईट नसतो असे आपल्याला सांगतात. पण दोन-चार माणसे आडवी उभी राहिली की उरलेला भला गाव गप्प बसतो, हे मात्र कोणी सांगत नाही.

इथे कायद्याचा एक मुद्दा आहे आणि तो आपल्या कामाचा आहे. हॉटेलात न्याहारी नाकारली त्या दिवशी, १८८१ साली, अमेरिकेत नागरी हक्कांचा १८७५ चा कायदा जिवंत होता. खानावळी, प्रवासाची साधने, नाटकगृहे यांत वंशावरून कोणाला अडवता येणार नाही असे त्यात स्वच्छ लिहिले होते. कागदावर वॉकरचा हक्क पक्का होता. हातात मात्र न्याहारी नव्हती. पुढे १५ ऑक्टोबर १८८३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताने तो कायदाच रद्द ठरवला. कारण काय दिले? चौदावी घटनादुरुस्ती फक्त सरकारला बांधते, खाजगी हॉटेलवाल्याला किंवा नाटकगृहाच्या मालकाला बांधत नाही. विरोधात मत देणारे एकटे न्यायमूर्ती हार्लन होते आणि गंमत अशी, की ते त्याच केंटकी राज्याचे.

बाबासाहेबांच्या घटनेतले कलम १५ (२) या पार्श्वभूमीवर वाचा. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, विहिरी, तलाव, रस्ते यांच्या वापरावरून कोणत्याही नागरिकावर जातीच्या कारणाने बंधन घालता येणार नाही. हे बंधन केवळ सरकारवर नाही, खाजगी माणसावरही आहे. कलम १७ चेही तसेच. अस्पृश्यता बहुतांशी सरकार पाळत नव्हते, समाज पाळत होता, हे बाबासाहेबांना पक्के ठाऊक होते. महाडच्या चवदार तळ्याचा दिवाणी दावा त्यांनी १९३७ पर्यंत, मुंबई उच्च न्यायालयापर्यंत लढवला होता. नगरपालिकेचा ठराव बाजूने असूनही पाणी मिळत नाही, हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. अमेरिकेच्या न्यायालयाने जी फट ठेवली ती आपल्या घटनेत बुजवली गेली. ज्यांना संविधान म्हणजे इकडून तिकडून केलेली उचल वाटते त्यांनी एवढे एकच कलम अभ्यासावे.

वॉकरची गोष्ट पुढे नेण्याआधी आणखी एका विद्यार्थी-खेळाडूबद्दल सांगितले पाहिजे. वॉकरला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणतात, पण त्याच्याही पाच वर्षे आधी, २१ जून १८७९ रोजी, ब्राऊन विद्यापीठाचा विल्यम एडवर्ड व्हाइट नावाचा विद्यार्थी प्रॉव्हिडन्स संघाकडून एकच सामना खेळला होता. संघाचा नेहमीचा माणूस जखमी होता म्हणून विद्यापीठाच्या संघातून त्याला बोलावले होते. संशोधकांना पुष्कळ वर्षांनी असे आढळले, की हा व्हाइट एका गोऱ्या मालकाचा आणि त्याच्याच गुलाम स्त्रीचा मुलगा होता. कातडी उजळ होती. तो आयुष्यभर गोरा म्हणूनच वावरला, म्हणून त्या दिवशी ना कोणी रुसले, ना कोणी मैदान सोडले. खेळ तोच, विद्यापीठाचे शिक्षण तेच, रक्तही थोडेफार तेच. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथासंग्रहाचे शीर्षकच आपल्याकडे म्हण झाले आहे. आडनाव बदलून शहरात खोली घेणारे, कचेरीत जयंतीची वर्गणी गुपचूप देणारे आपल्यात आजही आहेत. त्यांना हसण्याचा मला अधिकार नाही. त्यांना तसे करायला लावणाऱ्या व्यवस्थेबद्दल बोलायचे आहे. व्हाइटला एक सामना शांतपणे खेळता आला, कारण त्याने स्वतःला पुसून टाकले होते. वॉकरने पुसले नाही.

वॉकरने कायद्याची पदवी घेतली नाही. १८८३ मध्ये टोलेडो या व्यावसायिक संघाने त्याला करारबद्ध केले आणि तो विद्यापीठ सोडून गेला. लग्न झालेले होते, पैसा समोर दिसत होता. त्या निर्णयाला नावे ठेवणे सोपे आहे, पण घरातली चूल ज्याने पाहिली आहे तो ठेवणार नाही. तरी वकील म्हणून मनात येतेच, की मिशिगनची पदवी हाती असती तर पुढची वर्षे त्याला वेगळी गेली असती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिकागोचा बलाढ्य संघ टोलेडोला सामना खेळायला आला. त्याचा कर्णधार कॅप अँसन हा त्या काळचा सर्वांत नामांकित खेळाडू. काळा मैदानात असेल तर आम्ही खेळणार नाही, असे त्याने बजावले. खरे तर वॉकरचा हात दुखावला होता, तो त्या दिवशी खेळणारच नव्हता. पण टोलेडोच्या व्यवस्थापकाला राग आला. त्याने मुद्दाम वॉकरला संघात घेतले आणि खेळायचे नसेल तर तिकिटांच्या पैशातला वाटा विसरा, असे अँसनला सांगितले. अँसन मुकाट्याने खेळला. तत्त्वापेक्षा गल्ला मोठा ठरला. हा प्रसंग मी पुनःपुन्हा वाचतो. वर्णाभिमानी माणसाला उपदेशाने घाम फुटत नाही, खिशाला हात लागला की फुटतो.

१८८४ मध्ये टोलेडोचा संघ मुख्य दर्जाच्या लीगमध्ये गेला आणि १ मे रोजी वॉकर मुख्य लीगमध्ये उतरला, तेही त्याच लुइव्हिल शहरात. त्या हंगामात तो ४२ सामने खेळला. पुढे रॉबिन्सनच्या पाठीवर ४२ हाच आकडा यावा हा निव्वळ योगायोग. टोलेडोचा मुख्य पिचर टोनी मुलेन होता. या मुलेनने बऱ्याच वर्षांनी, १९१९ मध्ये, स्वतःच सांगून टाकले की वॉकर हा त्याला मिळालेला सर्वांत उत्तम कॅचर होता, पण काळा माणूस त्याला आवडत नसे, म्हणून वॉकरच्या खुणांकडे न पाहता तो मनाला येईल तसा चेंडू टाकत असे. याचा अर्थ काय होतो पाहा. खूण केली आहे आत येणाऱ्या चेंडूची आणि प्रत्यक्ष येतो तो बाहेर जाणारा, पूर्ण वेगाने, उघड्या हातांवर. आपल्याच संघाचा माणूस आपलीच बोटे मोडायला बसलेला! शेवटी वॉकर मुलेनजवळ गेला आणि म्हणाला, खुणा करून फसवणूक होणार असेल तर मी खुणाच करणार नाही, तू टाक, मी झेलीन. आणि त्याने झेलले. कोणता चेंडू येणार हे माहीत नसताना झेलले.

मोठ्या कचेरीत राखीव जागेवर लागलेल्या आपल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. फाइल त्याच्यापर्यंत उशिरा येते, बैठकीचा निरोप त्याला मिळत नाही, आधीच्या टिप्पण्या दडवल्या जातात आणि मग काम चुकले की गुणवत्तेचा विषय निघतो. खूण न पाहता चेंडू टाकणारे मुलेन प्रत्येक खात्यात आहेत. फरक इतकाच, की त्या मुलेनने पस्तीस वर्षांनी का होईना, कबुली दिली.

जुलैमध्ये चेंडू लागून वॉकरची बरगडी मोडली. त्या हंगामात व्हर्जिनियातल्या रिचमंडमधून संघाला धमकीचे पत्रही आले, की वॉकरला मैदानात उतरवले तर पंचाहत्तर माणसे त्याच्यावर तुटून पडायला तयार आहेत. हंगाम संपण्याआधी टोलेडोने त्याला सोडले. भाऊ वेल्डीही त्या हंगामात थोडे सामने खेळला होता. त्यानंतर १९४७ पर्यंत मुख्य लीगमध्ये उघडपणे काळा असलेला एकही खेळाडू दिसला नाही.

ही बंदी घालणारा नियम कुठे होता? मुख्य लीगच्या नियमपुस्तकात तो नव्हताच. १४ जुलै १८८७ रोजी नेवार्क येथे अँसनच्या संघाशी सामना होता, तेव्हा नेवार्कचा काळा पिचर जॉर्ज स्टोव्ही आजारी असल्याचे सांगून बाहेर ठेवला गेला. वॉकरही तेव्हा नेवार्ककडेच होता. त्याच दिवशी दुय्यम दर्जाच्या आंतरराष्ट्रीय लीगच्या मालकांनी यापुढे काळ्यांशी नवे करार करायचे नाहीत असे बहुमताने ठरवले. मोठ्या लीगने तेवढाही ठराव केला नाही. सभ्य माणसांचा आपसातला समझोता, एवढेच. आम्हा वकिलांच्या दृष्टीने हा सर्वांत अवघड प्रकार. लेखी नियम असेल तर त्याला न्यायालयात आव्हान देता येते. जो नियम कोणी केलेलाच नाही आणि पाळतात मात्र सगळे, त्याच्याविरुद्ध दावा कोणावर लावायचा? आपल्या शहरांतल्या गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींत जातीचा शब्द शोधून सापडत नाही. सदनिका मात्र मिळत नाही.

वॉकर १८८९ पर्यंत सिराक्यूज संघाकडून खेळला. त्या आंतरराष्ट्रीय लीगमध्ये त्याच्यानंतरचा काळा खेळाडू यायला १९४६ उजाडले, आणि तो रॉबिन्सन होता. १८९१ मध्ये सिराक्यूजच्या रस्त्यावर काही गोऱ्यांशी वॉकरची बाचाबाची झाली, त्याच्या हातून चाकूने एक जण मेला. सर्व गोऱ्या पंचांच्या ज्युरीने त्याला निर्दोष सोडले. पुढे टपाल खात्याच्या नोकरीत असताना टपालातल्या पैशांच्या चोरीबद्दल १८९८ मध्ये त्याला एका वर्षाची कैद झाली. आपल्याकडे नायकाच्या आयुष्यातले असे प्रसंग गाळून लिहिण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. डोके, हात, शिक्षण सगळे असलेल्या माणसाला तीस-बत्तीसाव्या वर्षी त्याच्या कामातून उखडून फेकले तर तो कुठल्या कुठल्या वाटांना लागतो, हेही समाजाच्या हिशेबात धरले पाहिजे. त्याच माणसाने शोध लावून एकस्वे मिळवली, भावाबरोबर वृत्तपत्र चालवले, ओहायोतल्या एका गावात नाटकगृह चालवले.

१९०८ मध्ये वॉकरने एक पुस्तिका लिहिली. त्याचा निष्कर्ष असा होता, की काळ्यांना अमेरिकेत न्याय मिळणे नाही, त्यांनी आफ्रिकेत निघून जावे. ज्याने गोऱ्यांच्या विद्यापीठात, गोऱ्यांच्या संघात, गोऱ्यांच्या नियमांनी खेळून पाहिले त्याचा हा निष्कर्ष. बाबासाहेबांनीही १९३१ मध्ये गांधीजींना तोंडावर सांगितले होते, की मला मायभूमी नाही. पण बाबासाहेब तिथे थांबले नाहीत. पक्ष काढले, वृत्तपत्रे काढली, महाविद्यालये काढली, संविधान लिहिले आणि १९५६ मध्ये लाखोंना बुद्धाच्या वाटेवर नेले. वॉकरच्या मागे यातले काही नव्हते. तो एकटा होता. १९२४ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो १९९० मध्ये ओबर्लिनच्या माजी विद्यार्थ्यांनी बसवला.

मग १९४७ मध्ये दार उघडले कसे? तिथली शालेय पुस्तके एक हळवी गोष्ट सांगतात. ब्रुकलिनचा प्रमुख ब्रांच रिकी तरुणपणी ओहायो वेस्लियन विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक होता. त्या संघातल्या चार्ल्स थॉमस या काळ्या विद्यार्थ्याला इंडियानातल्या एका हॉटेलाने खोली नाकारली. रिकीने भांडून त्याची खाट आपल्याच खोलीत लावून घेतली. रात्री थॉमस रडत आपल्या हातांची कातडी चोळत होता, ही काळी कातडी निघाली असती तर, म्हणत होता. ते दृश्य रिकी विसरला नाही आणि चाळीस वर्षांनी त्याने रॉबिन्सनला आणले. रिकी पुढे मिशिगन विद्यापीठातच कायदा शिकला, जिथे वॉकर शिकला होता.

रिकीचे श्रेय मी नाकारत नाही. पण या गोष्टीत थॉमसच्या वाट्याला फक्त अश्रू येतात. तो थॉमस पुढे दंतवैद्य झाला, आयुष्यभर व्यवसाय केला, हे गोष्ट सांगणारे सांगत नाहीत. उद्धारकर्त्याच्या कथेत दलिताने रडायचेच असते! आणि आणखी एक गोष्ट गाळली जाते. १९४५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क राज्याने नोकरीत वंशभेद करण्यास बंदी घालणारा कायदा केला. जुलैपासून तो अमलात आला आणि ब्रुकलिन न्यूयॉर्कमध्येच आहे. रिकीने रॉबिन्सनला बोलावले ते २८ ऑगस्टला. शिवाय काळ्यांची वृत्तपत्रे वर्षानुवर्षे हा विषय लावून धरत होती. त्यांतला अग्रणी पत्रकार वेंडेल स्मिथ हा स्वतः वेस्ट व्हर्जिनिया स्टेट या काळ्यांच्या महाविद्यालयाचा बेसबॉल खेळाडू. किशोरवयात त्याला एका निवड करणाऱ्याने सांगितले होते, की तू गोरा असतास तर तुला घेतले असते. स्मिथने लेखणी उचलली आणि रॉबिन्सनचे नाव रिकीला सुचवणाऱ्यांत तो होता. सद्सद्विवेक जागा झाला हे खरे असेलही. पण त्याच्या एका बाजूला कायदा उभा होता आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचे वृत्तपत्र. 'मूकनायक' काढणाऱ्याच्या अनुयायांना हे वेगळे सांगायला नको.

रॉबिन्सनही विद्यापीठातूनच आला होता. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तो चार खेळ खेळला आणि १९४१ मध्ये पदवी न घेताच बाहेर पडला. काळ्या माणसाला शिक्षणाने नोकरी मिळणार नाही, असे त्याचे मत झाले होते. त्याला कारणही घरातच होते. त्याचा थोरला भाऊ मॅक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये २०० मीटर धावण्यात जेसी ओवेन्सच्या मागोमाग दुसरा आला, रौप्यपदक घेऊन घरी आला आणि नंतर पासाडेना शहराचे रस्ते झाडत होता. ऑलिंपिकचे पदक आणि हातात झाडू! आपल्या किती वस्त्यांमध्ये पदवीची चौकट भिंतीवर आणि महापालिकेच्या सफाई खात्यातली वारसा हक्काची नोकरी खिशात, असे चित्र आहे, ते मोजायला बसलो तर पान पुरणार नाही. रॉबिन्सन सैन्यात अधिकारी झाला. १९४४ मध्ये बसमध्ये मागे जाऊन बसायला नकार दिला म्हणून त्याच्यावर लष्करी खटला चालला, त्यात तो निर्दोष सुटला. मैदानात पाय ठेवण्याआधीच हा गडी लढाईत तयार झालेला होता.

आता दार उघडे आहे ना, असे कोणी म्हणेल. १९९१ मध्ये मुख्य लीगमध्ये १८ टक्के खेळाडू कृष्णवर्णीय अमेरिकन होते. २०२४ च्या हंगामाच्या सुरुवातीला ते ६ टक्क्यांवर आले. कोणी बंदी घातली नाही. मग झाले काय? बरीच कारणे आहेत, त्यातले एक विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीत आहे. तिथल्या वरच्या श्रेणीतल्या विद्यापीठाला फुटबॉलसाठी ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. बेसबॉलच्या अख्ख्या संघाला मिळून फक्त ११.७! त्या तुकडे करून सत्तावीस मुलांत वाटायच्या, उरलेली फी बापाने भरायची. २०२४-२५ पर्यंत हाच नियम होता. जो बाप ती भरू शकत नाही त्याचा मुलगा फुटबॉलकडे वळणार हे उघड आहे. २०२५ मध्ये एका मोठ्या खटल्याच्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना ३४ जणांच्या संघात सर्वांना शिष्यवृत्ती देण्याची मुभा मिळाली. मुभा मिळाली, बंधन नाही.

जो मुलगा तरीही टिकतो, चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत खेळतो, त्याचे दिवसही ऐका. फेब्रुवारी ते मे या काळात छपन्न सामने. नियमाप्रमाणे आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त सराव घेता येत नाही, पण प्रवास त्यात धरत नाहीत आणि सामना कितीही लांबला तरी तीनच तास मोजतात. अभ्यासाचे विषय निवडायचे ते सरावाच्या वेळा पाहून. इतका घाम गाळूनही तो कामगार नाही, 'विद्यार्थी-खेळाडू' आहे. हा शब्द १९५० च्या दशकात त्यांच्या क्रीडा संघटनेने रूढ केला, तो जखमी खेळाडूंना कामगार म्हणून भरपाई द्यावी लागू नये यासाठी. शब्दाच्या एका लेबलाने हक्क कसा काढून घेता येतो याचा हा नमुना. आपल्याकडे मानधन, कंत्राटी, शिक्षणसेवक हे शब्द अशाच कारखान्यातून निघाले आहेत.

आपल्याकडच्या मैदानाचा विचार करताना पळवणकर बाळू आठवतात. चांभार कुटुंबातला हा गोलंदाज पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची देखभाल करता करता त्यांना चेंडू टाकायचा. हिंदूंना युरोपियनांविरुद्ध जिंकायला तो हवा होता, म्हणून मैदानात घेतले. चहाची वेळ झाली की त्याचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते त्यांच्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये मिळाले. पुढे १९३७ मध्ये याच बाळूंना काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेब निवडून आले. बाळूंबद्दल मला राग नाही, कीव तर मुळीच नाही. खेळात मोठा झालेला आपला माणूस एकटा असला की दुसरे त्याला कुठे उभा करतील याचा नेम नसतो.

महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे. विद्यापीठ पातळीवर सॉफ्टबॉल, बेसबॉल, कबड्डी, खो-खो खेळणाऱ्या आपल्या मुलांनी प्रमाणपत्रे वेळेवर पडताळून घ्यावीत, शासन निर्णय स्वतः वाचावेत आणि खेळासाठी परीक्षा सोडू नये. वस्तीतल्या मंडळांनी जयंतीच्या वर्गणीतून दरवर्षी दोन-तीन मुलांच्या साहित्याचा आणि प्रवासाचा खर्च उचलला तर डीजेचा आवाज थोडा कमी होईल, त्याने कोणाचे बिघडणार नाही.

राहता राहिला वेल्डी वॉकर, मोझेसचा धाकटा भाऊ. तोही ओबर्लिनचा आणि मिशिगनचा. १८८८ मध्ये ओहायोतल्या एका लीगने काळ्यांशी करार करण्याची मुभा काढून घेतल्याची बातमी आली. वेल्डीने लीगच्या अध्यक्षाला जाहीर पत्र लिहिले आणि ते मार्चमध्ये 'स्पोर्टिंग लाइफ' या क्रीडा साप्ताहिकात छापून आले. त्यात विनवणी नव्हती. ओहायोचा कायदा सर्व माणसे समान मानतो आणि तुमचा हा ठराव त्या कायद्याची टर उडवतो, असे त्याने लिहिले. आम्हाला वगळायचे तर बुद्धी आणि वर्तन पाहून वगळा, रंग पाहून नको. आणि ठराव मागे घ्यायचा नसेल तर आणखी एक ठराव करा : काळ्या स्त्री-पुरुषांनी मैदानाच्या आवारात दिसणे हाच गुन्हा ठरवा. कारण तिकीटखिडकीवर आमचा पैसा गोऱ्यांच्या पैशाबरोबर एकाच पेटीत पडतो, तेव्हा तो तुम्हाला चालतो.